तळ्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं

शाळेची सहल जंजिऱ्याला गेली की वाटाड्या मुलांना दोन गोष्टी हमखास दाखवतो: कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधोमध गोडं पाणी हे ऐकून मुलं चकित होतात, कठड्यावरून डोकावतात आणि पुढच्या बुरुजाकडे धावतात. ते पाणी हिरवं का, त्यात कोण राहतं, समुद्राने वेढलेल्या खडकावर ते राहणारे आले कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. सिद्दींनी पावसाचं पाणी साठवलं एवढ्यावर धडा संपतो. खरं तर तिथून तो सुरू व्हायला हवा.

ही पुस्तिका दिघी, बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा आणि खाडीपलीकडच्या मुरूड भागातल्या शिक्षकांसाठी आहे. इथल्या मुलांना समुद्राची ओळख करून द्यावी लागत नाही. सुरमई, बांगडा, मांदेली, बोंबील ती लांबून ओळखतात. उधाण कधी, भांग कधी, हे कोळीवाड्यातल्या दुसरीतल्या मुलालाही कळतं. पण गावामागचं तळं कुणाच्याच खिजगणतीत नाही. एके काळी आजी तिथून पाणी आणायची, म्हशी डुंबायच्या, कपडे धुतले जायचे. नळ आला आणि गावाने तळ्याकडे पाठ फिरवली. आज मुलांना तळं माहीत आहे ते एक तर 'तिकडे जायचं नाही' म्हणून, नाही तर कचरा टाकायची जागा म्हणून. वेळासच्या कासवांमुळे, आणि नंतर दिवेआगर-हरिहरेश्वरच्या घरट्यांमुळे, समुद्री कासव इथल्या मुलांच्या अभिमानाचा विषय झालं, ही मोठीच गोष्ट आहे. तळ्याला अजून तो मान मिळालेला नाही.

मला या प्रस्तावनेत एकच मुद्दा आग्रहाने मांडायचा आहे. कोकणात तळ्याचं वर्ष आणि शाळेचं वर्ष एकाच महिन्यात सुरू होतं. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्याच सुमारास तळी भरू लागतात. एप्रिलमध्ये परीक्षा होतात, तेव्हा तळ्याच्या कडा भेगाळलेल्या असतात. सगळं नाटक पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत वर्गाच्या डोळ्यांसमोर होऊ शकतं. आपण मात्र अन्नसाखळीचा धडा पुस्तकात येईल तेव्हा शिकवतो, बहुधा थंडीत, फळ्यावर बाण काढून. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. ही साखळी मुलांनी पाठ केलेली असते, पण त्यातला बेडूक जानेवारीत कुठे असतो हे वर्गात कुणालाच माहीत नसतं. तळं शिकवायचं तर त्याच्या क्रमाने शिकवावं. एक वर्ग, एक तळं, आणि जून ते एप्रिल त्याच काठावर पुन्हा पुन्हा जाणं. दहा तळी एकेकदा दाखवण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

सुरुवात मुलांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीने करावी, आणि ती गोष्ट आहे वलगण. पहिल्या जोराच्या पावसात ओढे फुगतात, खाचरांतून पाणी वाहू लागतं आणि मळे, खवली, शिंगटी, वाम असे मासे प्रवाहाच्या उलट दिशेने उथळ पाण्याकडे चढतात. रात्री बॅटऱ्या, जाळी, टोपल्या घेऊन अख्खं गाव बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पेंगत असतो आणि उरलेल्या अर्ध्याला कधी एकदा सांगतो असं झालेलं असतं. त्या दिवशी ठरलेला पाठ बाजूला ठेवावा आणि मुलांना सांगू द्यावं. कुठे पकडले, पाणी किती होतं, केवढे मासे होते, आणि आईने साफ करताना पोटात गाबोळी निघाली का. जवळपास प्रत्येक मूल हो म्हणेल. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: हे मासे चढत का होते? अंडी घालायला उथळ, गवताळ, नव्या पाण्याची जागा त्यांना हवी असते. तिथे पिल्लांना खाणारे मोठे मासे कमी, खायला बारीक जीव भरपूर.

इथे मासे पकडणाऱ्यांना दोष देण्याची चूक शिक्षकाने करू नये. मुलाच्या घरच्या कालवणावर वर्गात टीका झाली तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. त्यापेक्षा समुद्राकडे बोट दाखवावं. १ जून ते ३१ जुलै सरकार यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद ठेवायला लावतं. दिघीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या मुलं रोज बघतात. ती बंदी कशासाठी, हे कोळ्याच्या मुलाला विचारलं तर तो सांगेल: मासा विणीला येतो म्हणून. मग ओढ्यातल्या माशाचं काय, हा प्रश्न त्याच्याच मनात उभा राहील. त्याचं उत्तर गावाने ठरवायचं आहे, वर्गाने नाही. पण प्रश्न दहा वर्षांच्या मुलाने जेवताना विचारला तर घरात त्याची चर्चा होते.

दुसरा धडा मुठ्यांचा. चिंबोरी सगळ्यांना माहीत आहे. तिची अंडी समुद्रात फुटतात आणि त्यांतून खेकड्यासारखं न दिसणारं, पाण्यात तरंगणारं बारीकसं पिल्लू निघतं. ते बऱ्याच वेळा कात टाकून मग खेकडा होतं. बांधावरचा, ओढ्याकाठचा मुठा तसं करत नाही. मादी अंडी पोटाखालच्या झाकणात धरून ठेवते आणि अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर येतो. पिल्लं काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. पावसाळ्यात पकडलेल्या मुठ्याचं पोट उघडल्यावर लुटुलुटु हलणारी पिल्लं ज्याने पाहिली आहेत, त्याला हे वेगळं सांगायला नको. असं का, याचा विचार मुलांना करू द्यावा. वाहत्या ओढ्यात तरंगणारं पिल्लू टिकेल कसं? दोन दिवसांत ते वाहत खाडीला जाऊन पडेल. समुद्र आणि गोडं पाणी यांतला फरक कुठल्याही व्याख्येशिवाय इथे कळतो.

बेडकांबद्दल थोडक्यात. जूनच्या पहिल्या सरींत पिवळेधमक होऊन गळ्याशेजारचे निळे फुगे फुगवणारे मोठे बेडूक बहुतेक मुलांनी पाहिलेले असतात. ते सगळे नर असतात आणि तो रंग काही दिवसच टिकतो. त्यांची पिल्लं मांसाहारी असून दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. एका डबक्यात दोन आकारांची बेडूकपिल्लं दिसली तर आठवडाभर रोज मोजावीत, आकडे बोलतील. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. आजोबांच्या पिढीतल्या कुणाला तो धंदा आठवत असेल तर त्यांना वर्गात बोलवावं.

जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यापेक्षा सडा जास्त शिकवतो. जांभ्याच्या कातळावर बोटभर पाण्याची डबकी साचतात आणि त्यांच्या काठी सीतेची आसवं निळी-जांभळी फुलतात. फुलं बघून लोक फोटो काढतात. मुलांना मात्र फुलाच्या खाली बघायला शिकवावं. एखादंच झाड मातीसकट अलगद उचलून बशीतल्या पाण्यात धुतलं की मुळांसारख्या दिसणाऱ्या केसाळ तंतूंवर मोहरीहून बारीक फुगे दिसतात. भिंगातून बघितलं तर प्रत्येकाला झाकण असतं. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव झाकणाच्या केसांना लागला की झाकण उघडतं, पाण्यासकट जीव आत ओढला जातो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात दार बंद होतं. या पातळ मातीत झाडाला पोषण पुरत नाही, म्हणून ते शिकार करतं. कातळ ओसाड असतो असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांनाही हे दाखवण्यासारखं आहे.

मग येतो चतुर, आणि त्याच्यासाठी मी जरा जास्त जागा मागतो. लांब काठीला घट्ट बांधलेली चहाची गाळणी आणि एक पांढरी थाळी एवढंच सामान लागतं. तळ्याच्या काठच्या पाणवनस्पतींखाली गाळणी फिरवून थाळीत उपडी केली की आधी नुसता चिखल दिसतो. पाणी निवळायला पाच मिनिटं द्यावीत. मुलांना हीच पाच मिनिटं कठीण जातात. मग चिखलातलं एक ढेकूळ चालू लागतं. सहा पाय, मोठे डोळे, मातकट रंग, अंगावर शेवाळ. ही चतुराची अळी. तिला पेनाच्या टोकाने हलकं टोचलं की ती पाय न हलवता झपकन पुढे सरकते. श्वासासाठी ती मागच्या टोकातून पाणी आत घेते, तिचे कल्ले तिथेच आत असतात, आणि घाबरली की तेच पाणी जोराने सोडून स्वतःला पुढे ढकलते. थाळीत डासाची अळी सोडली तर दुसरी गोष्ट दिसते. अळीच्या तोंडाखाली दुमडलेला एक लांब जबडा असतो. तो सपकन बाहेर येतो, डासाची अळी धरतो आणि परत तोंडाशी मिटतो. डोळ्याची पापणी लवली तर दिसत नाही. सगळ्या वर्गाला दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा करावं. शेजारी शेपटीला तीन पानं असलेली बारीक अळी सापडली तर ती टाचणीची. तिचे कल्ले म्हणजे ती पानंच. दोन्ही उडताना भावंडं वाटतात, पाण्याखाली मात्र श्वास घेण्याची रीत अगदी वेगळी.

डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य विभाग हौद-टाक्यांत गप्पी मासे सोडायला सांगतो. घरच्या बंद टाकीसाठी ते ठीक आहे. पण गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याला गावतळ्यात सोडलं तर तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लंही खातो. तळ्यात डासांवर पाळत ठेवणारे आधीच आहेत: चतुराच्या अळ्या, पाणकिडे, डोक्यावर चमकता ठिपका असलेले छोटे स्थानिक मासे. हे मुलांनी थाळीत स्वतः पाहिलेलं असेल तर पुढे ग्रामसभेत तळ्यात औषध फवारायचा विषय निघाला की कुणी तरी हात वर करेल.

सप्टेंबरच्या शेवटी दिघी-आगरदांडा फेरीच्या धक्क्यावरही पिवळसर चतुरांचे थवे घोंगावताना दिसतात. पावसाच्या तात्पुरत्या पाण्यात वाढणारी ही जात महिना-दोन महिन्यांत अळीची चतुर होते, कारण डबकं सुकायच्या आत तिला उडायचं असतं. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं की ज्या बेटांवर गोडं पाणी जवळपास नाही तिथे दर ऑक्टोबरमध्ये हे चतुर लाखोंनी येतात. २००९ मध्ये त्यांनी मांडलं की हे चतुर भारतातून निघून, वाऱ्याच्या साथीने, हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या परततात. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज जिथून आले तो किनारा. खाचरातल्या अळीपासून थेट आफ्रिकेपर्यंतचा हा प्रवास नकाशावर दोऱ्याने दाखवला तर भूगोल आणि इतिहासाचे तास त्यात आपोआप येतात.

हिवाळ्यातल्या पक्ष्यांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे फक्त कमळपक्ष्याचं नाव घेतो. लांब बोटांनी तरंगत्या पानांवर चालणाऱ्या या पक्ष्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं बाप करतो, मादी दुसरा जोडीदार शोधते. मुलं हे ऐकून आपसांत बराच वेळ वाद घालतात. तो वाद थांबवू नये.

एक पाठ मात्र सूर्योदयाचा आहे. काठी राहणाऱ्या एखाद्या मुलाने पहाटे तळ्यावर नजर टाकायची आणि मासे पाण्यावर तोंड काढून गिळगिळ करतात का ते वहीत लिहायचं. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतात. रात्री तेच शेवाळ श्वासासाठी प्राणवायू वापरतं, त्यामुळे पहाटे पाण्यातला साठा सर्वांत कमी असतो. सांडपाणी येणाऱ्या तळ्यात शेवाळ माजतं आणि ढगाळ दिवसानंतरच्या सकाळी मासे मरून तरंगतात. गावात विष टाकल्याची बोंब होते. पुष्कळदा ते विष नसतं, गुदमरणं असतं. याच जागी जलपर्णीचाही विषय घ्यावा. मूळ दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती पाण्यावर झाकण घालते आणि खाली अंधार करते. कमळाची पानंही तरंगतातच, मग फरक काय, हे मुलांनी दोन्हींखाली गाळणी फिरवून शोधावं.

हे सगळं नवं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या आदिवासी मुलांना गुरं राखायला जावं लागायचं, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. शाळाच कुरणात गेली. शंख, शिंपले, बिया, पानं हीच साधनं. वारली मुलाला झाडाबद्दल जे माहीत आहे ते शिक्षकाने आधी ऐकायचं, हा आग्रह त्यात होता. आपल्या किनाऱ्यावर त्या विचाराची वाट आजही मोकळी आहे, फक्त कुरणाच्या जागी तळं धरायचं.

विदर्भातला अनुभव तर थेट पाण्याचाच आहे. भंडारा-गोंदियातले जुने तलाव बेशरम नावाच्या वनस्पतीने आणि गाळाने भरले, स्थानिक मासा कमी झाला, तेव्हा मनीष राजनकर आणि त्यांच्या संस्थेने ढीवर समाजाला विचारलं की कुठली पाणवनस्पती कुठल्या माशाला लागते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकली त्यांना हे तोंडपाठ होतं. त्यांच्या सांगण्यावरून, बायकांच्या पुढाकाराने, तळ नांगरून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या. आपल्याकडेही हे जाणणारी माणसं आहेत. ती कोळीवाड्यात, आदिवासी वाडीत, भाताच्या बांधावर आहेत, आणि शाळेच्या कार्यक्रमाला त्यांना कधी पाहुणे म्हणून बोलावलं जात नाही. या पुस्तिकेतल्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्यांना विचारायचे प्रश्न दिले आहेत. ते प्रश्न गाळू नयेत.

आता काळजीचं. तळ्यावर दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, आणि ते पोहता येणारं असावं. गाळणीच्या काठीला हात पुरेल तेवढंच पुढे जायचं, पाण्यात उतरायचं नाही. पायाला जखम असलेल्या मुलाने चिखलात पाय घालू नये. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण सापडतात, आणि तो आजार उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून पसरतो. परतल्यावर साबणाने हात-पाय धुवायचे. दिवड दिसली तर मारायची नाही, ती बिनविषारी आहे. पण साप ओळखण्याचं काम मुलांकडे द्यायचंच नाही, लांब उभं राहायचं. थाळीतलं सगळं जिथून घेतलं तिथेच परत सोडायचं. घरी नेलेला मासा किंवा बेडूकपिल्लू दोन दिवसांत मरतं, आणि मुलं त्यातून नको ते शिकतात.

नोंदवहीबद्दल माझा हट्ट वेगळ्या कारणासाठी आहे. दिघीचं बंदर आता मोठं होत आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १२ नव्या औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यांत दिघीचं नाव आहे. रस्ते येतील, भराव पडेल, कामं मिळतील. आपल्याच वर्गातली काही मुलं तिथे कामाला लागतील आणि ती चांगलीच गोष्ट असेल. पण २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातखाचरं वगळलेली आहेत, तशीच पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली तळीही. म्हणजे आपण ज्या पाण्याबद्दल बोलतो आहोत त्यातलं बरंचसं या कायद्याच्या छत्राबाहेर उभं आहे. अशा तळ्यात काय होतं याचा कागद कुठल्याच कार्यालयात नसतो. सहावीच्या वर्गाने तारीख घालून, पावसाचं माप लिहून, सापडलेल्या जिवांची चित्रं काढून ठेवलेली वही हाच बहुधा एकमेव कागद असेल. ती वही वर्गाबरोबर सातवीत जाऊ नये. शाळेच्या कपाटात राहावी आणि पुढच्या सहावीने त्याच पानाच्या पुढे लिहावं. नावं चुकली तरी चालतील. चित्र आणि तारीख चुकता कामा नये.

एक प्रयोग शाळा सुटायच्या आधी करून ठेवायचा आहे, म्हणून तो इथेच सांगतो. एप्रिलमध्ये तळ्याची कड किंवा सड्यावरचं डबकं पूर्ण सुकलं की वरची दोन बोटं माती ओंजळभर उकरून घ्यावी. वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून कोरड्या जागी ठेवावी, वर जागेचं नाव आणि तारीख लिहावी. त्या मातीत पाण्याविना महिनोन्‌महिने, काही बाबतींत वर्षानुवर्षं तग धरणारी अंडी असू शकतात. सह्याद्रीतल्या डबक्यांत अशा कोरड्या अंड्यांतून येणारे, उलटे पोहणारे, पारदर्शक अंगाचे फेअरी श्रिंप सापडतात आणि त्यांतल्या एका जातीला सह्याद्रीचंच नाव आहे. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी ती माती काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत घालून वर पावसाचं पाणी ओतावं. नळाचं पाणी वापरू नये, त्यात क्लोरीन असतं. बरणी खिडकीत ठेवावी, पण थेट उन्हात नाही. पहिले दोन दिवस नुसती गढूळ माती दिसेल, तेव्हा ओतून टाकायची घाई करू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भिंग आणि बॅटरी घेऊन बघायचं, जे हलताना दिसेल त्याचं चित्र वहीच्या पहिल्या पानावर काढायचं. आणि बरणीच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधायला विसरायचं नाही, नाही तर सगळ्यांच्या आधी डासाची मादी तिथे अंडी घालून जाईल.